सरांचं रडणं आणि माझी साक्ष

सरांना त्यांच्या शिष्याने फसवलं, आणि त्या कामासाठी माझं तोंड वापरलं. हे आधीच सांगून टाकतो. आमच्या धंद्यात मालाचा दोष पहिल्यांदा सांगायची पद्धत नाही, पण इथे ती मोडतो.

मी लालबागला मिरची विकतो, घाऊक आणि किरकोळ दोन्ही. काळाचौकीच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली, पुढचं मी केलं. भाव पाडण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे मला शिव्या देणारेही मान्य करतात. वजन वाढवायला मिरचीवर पाणी मारलं असेल तर मी पोतं न उघडता सांगतो. सुकी मिरची हलवली की आत बी वाजतं, ओली गप्प बसते. असा मी, आणि मला एका पोराने कॅमेरा लावून गंडवलं. तो राग या लिहिण्यात आहे. असू दे.

सर म्हणजे शाळेतले नव्हेत. हल्ली ज्याला पर्सनल कोच म्हणतात ते. विमा कंपनीच्या कचेरीत कारकुनांना प्रशिक्षण देण्यात आयुष्य गेलं, मग मुदतीआधी निवृत्ती घेऊन घरीच एकेका माणसाला बोलवायला लागले. कोच म्हटल्यावर गिरगावातल्या शेजाऱ्यांना क्रिकेटचे वाटायचे. एका म्हाताऱ्याने नातवाच्या लेगस्पिनबद्दल सल्ला विचारला आणि सरांनी तो दिला म्हणे. मी विचारलं, "तुम्हाला त्यातलं काय कळतं?" तर म्हणाले, "चेंडूचं नाही सांगितलं. आजोबांचं सांगितलं."

घराणं जुनं, पाठारे प्रभू. एके काळी ते राहतात ती ठाकूरद्वारची अख्खी इमारत त्यांची होती, आता दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. खायचे चोखंदळ. माशांच्या भुजण्यात टोमॅटो दिसला की ताट सरकवायचे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कडक इस्त्री आणि दोन रुमाल. एक डाव्या खिशात, चष्म्यासाठी. दुसरा उजव्या खिशात. पहिल्या भेटीत त्यांनी तो काढून मला दाखवला. "हा रडण्याचा. मला रडू येतं. तुम्हाला चालणार नसेल तर आत्ताच सांगा."

मी म्हटलं, "मी मिरचीवाला आहे. माझ्या दुकानात सगळेच रडतात."

ते हसले नाहीत.

मी तिथे का गेलो तेही सांगतो. चैत्रात आमचा हंगाम सुरू होतो. घरोघर वर्षाचा मसाला करायचा म्हणून बायका मिरची न्यायला येतात. त्याआधी देठ खुडून ठेवावे लागतात आणि ते काम दुकानाच्या मागे बसून बायकाच करतात. त्या दिवशी एकीच्या टोपलीत देठ राहिले म्हणून मी ओरडलो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळ्यांत जुनी मावशी, मालवणकडची, पदर झटकून उभी राहिली.

"शेठ, तुजा तोंड लवंगीपेक्षा तिखट आसा. आमी चललंव."

तिच्यामागून सगळ्या गेल्या. डिलाईल रोडपर्यंत बातमी पोचली आणि मला खुडायला बाई मिळेना. बायको म्हणाली, "अहो, मी बसते खुडायला. पण माझ्यावर ओरडाल, मग मीही उठेन. नंतर कोणाला बसवाल?" सरांचा पत्ता तिनेच भिशीतल्या मैत्रिणीकडून आणला.

सर म्हणाले, आठवड्यातून दोनदा या. मी सवयीने घासाघीस केली आणि एकदावर आणलं. त्यांनी मान डोलावली. मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "तुमचं काम झालं. पण मला इथे जड वाटतंय. आपल्या दोघांपैकी कुणीतरी हरलंय आणि तो मी नाही." मी ओशाळलो नाही. वैतागलो. पण पुढच्या आठवड्यात दोनदा गेलो.

त्यांची बसायची रीत वेगळी होती. दोन खुर्च्या शेजारी शेजारी, दोन्ही खिडकीकडे तोंड करून, मध्ये टेबल नाही. "समोरासमोर बसलं की माणूस फोटोला बसल्यासारखा बसतो," म्हणायचे. माणूस यायच्या आधी ते गॅलरीत जाऊन उभे राहायचे. मला वाटलं, प्राणायाम वगैरे असेल. तसं नव्हतं. स्वतःचं त्या दिवशीचं काय काय आहे ते तपासायचे. सकाळी बहिणीशी फोनवर भांडण झालं, ते एक. गुडघा दुखतोय, ते दुसरं. सगळं मोजून बाजूला ठेवायचे. त्यानंतर खुर्चीत बसल्यावर पोटात कळ आली, घसा आवळला, उगाच हसू आलं, तर ते शेजारी बसलेल्याचं असण्याचा संभव. तरीही लगेच ठरवायचे नाहीत. विचारायचे, "आत्ता मला एकदम भीती वाटली. माझी की तुमची?"

हे त्यांचं मुख्य वाक्य. माझी की तुमची, माझं की तुमचं.

लोकांना वाटायचं, सर हळवे आहेत. हळवा माणूस कुठेही वाहतो, नळ फुटल्यासारखा. सरांचं तसं नव्हतं. त्यांच्याकडे तराजू होता आणि पारड्यात काय पडलं ते रोज पुसून ठेवायची शिस्त होती. कधी चुकायचेही. एका गृहस्थाशी बोलताना त्यांना फार उदास वाटलं. त्याला खोदून खोदून विचारलं, तो बिचारा आठवून आठवून दमला. शेवटी कळलं की दुपारची कोलंबी बाधली होती. सरांनी त्या गृहस्थाला घरी फोन करून माफी मागितली. "तुमचं काही नाही हो, माझी कोलंबी."

एका बिल्डरला त्यांनी पहिल्याच दिवशी परत पाठवलं. "तुमच्या शेजारी बसून माझ्यात काही हललं नाही. तुम्ही वाईट आहात असं नाही, पण माझ्या उपयोगाचे नाही." बिल्डर उतरताना जिन्यात मला भेटला. म्हणाला, "कोण येडा आहे हा?"

एकदा ते माझ्या दुकानात आले होते. म्हणाले, तुम्हाला कामात बघायचंय. कोपऱ्यातल्या पोत्यावर बसले आणि थोड्याच वेळात शिंका, डोळ्यांतून पाणी, डाव्या खिशातला रुमाल. तेवढ्यात माझा कर्नाटकातला माल देणारा पोती घेऊन आला. वर्षानुवर्षांचा संबंध. मी नेहमीसारखा भाव तोडला. त्याने थोडं ताणलं, मग म्हणाला, "ठीक है सेठ, तुम बोलेगा वैसा." मी खूश. मग सरांनी मला खुणेने बोलावलं आणि कानाजवळ म्हणाले, "ते हो म्हणाले तेव्हा मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. भाव पडल्यावर विकणाऱ्याला सुटल्यासारखं का वाटावं?"

मी वरची पोती तपासली होती. मधलं उघडलं. आत बुरशी, पांढरी.

माझं तोंड उघडणार होतं. सर माझ्याआधी उठले आणि त्या माणसाला म्हणाले, "बैठो. क्या हुआ?" आणि तो बसला. त्याच्या गोदामाचं छप्पर गेलं होतं, सांगायची लाज वाटत होती, दुसरीकडे खपवायला ओळख नव्हती. चांगली पोती मी ठेवली, खराब त्याने परत नेली. पुढच्या हंगामात बाजारात चांगली ब्याडगी मिरची मिळत नव्हती, तेव्हा त्याने पहिली गाडी माझ्या दारात लावली. मी ओरडलो असतो तर ती दुसऱ्याच्या दारात लागली असती. हा मी भावनेचा हिशेब सांगत नाही, धंद्याचा सांगतो.

आता वडिलांचं. माझं एक भाषण ठरलेलं होतं. व्यापारी मंडळाचा कार्यक्रम असो, कुणाचा सत्कार असो, मी ते करायचो. "माझ्या बापाने मला कधी जवळ घेतलं नाही. संध्याकाळी घरी आला की हात मागे बांधून गॅलरीत उभा राहायचा. मी जवळ गेलो तर सरकायचा. तेव्हाच ठरवलं, कुणाच्या मांडीवर बसायचं नाही, स्वतःच्या पायावर उभं राहायचं!" इथे टाळ्या पडायच्या. सरांसमोरही ते झालं. त्यांनी टाळी वाजवली नाही.

"थांबा," म्हणाले. "हे वाक्य तुमचं नाही, भाषणाचं आहे. गिरणी बंद पडल्यावर ते काय काम करायचे?"

"मिळेल ते. शेवटी आमच्याच मिरचीगल्लीत एका दुकानात देठ खुडायला बसायचे. बायकांच्यात. घरी सांगायचे नाहीत, पण चाळीत सगळ्यांना माहीत."

 मी पाहिलं तर सरांनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली दडपले होते. त्यांचंही लक्ष तिकडे गेलं.

"मला सारखे हात लपवावेसे वाटताहेत," ते म्हणाले. "माझं नाही हे. मी तपासून आलोय. तुमचंही दिसत नाही, तुमचे हात तर मोकळे हलताहेत. मग कोणाचे हात आहेत हे?"

मी तीस वर्षं मिरचीत आहे. खुडणाऱ्या बायांना मी स्वतः सांगतो, मावशी, डोळ्याला हात लावू नका, घरी गेल्यावर तेल चोळा, पोराला लगेच घेऊ नका. हे मला पाठ आहे. आणि माझा बाप हात मागे बांधून का उभा राहायचा, हे मला कळायला गिरगावच्या एका माणसाने आपले हात मांडीखाली घालावे लागले. ते हात भाजत होते. ते माझ्या तोंडाला लागू नयेत म्हणून मागे होते.

सर ढसाढसा रडले. उजव्या खिशातला रुमाल पुरला नाही. मी रडलो नाही. मला काय करावं कळेना, मी घाबरलो. म्हटलं, "सर, चहा सांगू का?"

दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या खोलीवर गेलो. तिने दारातच विचारलं, "काय झाला? बायलेन घराभायर काढल्यान?" मी म्हटलं, देठांवरून पुन्हा ओरडणार नाही. ती म्हणाली, "आनी दुसऱ्या कशावरना?" त्याचं वचन मी दिलं नाही, खोटं ठरलं असतं. तिला तेच पटलं असावं. सगळ्यांना घेऊन आली. मी खोबरेल तेलाचा डबा मागच्या बाजूला ठेवायला लागलो. माझा राग गेलेला नाही, पण देठांवरून मी ओरडत नाही. ते भाषणही परत केलेलं नाही.

आता शिष्य. दादरचा मुलगा. आता मुलगा कसला, चाळिशीचा. दिसायला छान, बोलायला गोड. सरांच्या शेजारी तिसरी खुर्ची टाकून त्याने काही वर्षं सगळं पाहिलं. मग लोअर परळला काचेच्या इमारतीत अकादमी काढली आणि सरांना प्रमुख मार्गदर्शक म्हणून नेलं. सरांची सगळी माणसं तिथे गेली, मीही गेलो. मला तो आवडायचा नाही, पण सरांना आवडायचा, म्हणून मी गप्प.

अकादमीची जाहिरात करायची म्हणून तो कॅमेरा घेऊन दुकानात आला. "काका, तुमच्यासारखा माणूस सरांबद्दल बोलला तर लोकांना पटेल." मी बोललो. खरं सांगतो, आयुष्यात इतकं चांगलं मी कधी बोललो नाही. माझी वाक्यं अशी होती: "सर माझ्यासमोर ढसाढसा रडले. मला काय करावं कळेना. मी घाबरलो. आणि मग पहिल्यांदा मला माझा बाप दिसला." पुढे हातांची सगळी हकीकत. बोलून झाल्यावर तो डोळे पुसत होता. मला वाटलं, ऐकून. मिरची असणार.

त्यानंतर एका मोठ्या कंपनीचे अधिकारी अकादमीत शिकायला आले. त्यांचे साहेब सांगत होते की नुकतीच बरीच माणसं कामावरून कमी केली, आता फार हलकं वाटतंय. शेजारी बसलेल्या सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते म्हणाले, "हे हलकं नाही हो. मला उभं राहवत नाही इतकं जड आहे. माझं की तुमचं?" साहेब हाताखालच्या माणसांदेखत उठून बाहेर गेले. कंपनीने जाब विचारला. शिष्याने बैठक बोलावली आणि कंपनीच्या लोकांसमोर, सरांसमोर, पडद्यावर मला दाखवलं. "सर माझ्यासमोर ढसाढसा रडले. मला काय करावं कळेना. मी घाबरलो." तिथे कापलं. म्हणाला, "हा प्रकार जुना आहे, जुन्या लोकांनाही त्रास झालाय. सरांना विश्रांतीची गरज आहे." आम्हाला सगळ्यांना फोनवर तसाच निरोप आला. सरांची मानसिक प्रकृती, शुभेच्छा, हात जोडलेलं चिन्ह.

मी ठाकूरद्वारला गेलो. सरांनी चहा दिला. मग विचारलं, "तुम्हाला माझा त्रास झाला होता, तर मला का नाही सांगितलंत?"

मला काही माहीतच नव्हतं. त्यांनी पडद्यावरचं सांगितलं. मी ओरडलो, पुढचं कापलंय, सर, माझा बाप कापलाय त्याने!  सर म्हणाले, "तुम्ही खरं बोलताय असं मला वाटतंय. पण तुम्ही खरं बोलावंत असंही मला वाटतंय. यातलं कुठलं कुठलं, ते ओळखता येत नाही. त्या साहेबांचंही मला असंच वाटलं होतं. तेही कदाचित माझंच असेल. इतकी वर्षं सगळं माझंच असेल."

मी विचारलं, "पोत्यातली बुरशी तुम्हाला कळली. हा इतकी वर्षं शेजारी बसला, हा कसा नाही कळला?"

"आपल्या माणसांना मी तसं बघत नाही," ते म्हणाले. "घरी आल्यावर चष्मा काढूनच बसतो मी."

त्यांनी काम बंद केलं. येणाऱ्यांना दारातून परत पाठवतात. म्हणतात, माझा भरवसा नाही.

मग मी अकादमीत गेलो. आत शिरताच काचेवर निळ्या अक्षरांत, हातभर उंच: माझं की तुमचं? नवा अभ्यासक्रम सुरू झालाय, 'संवेदनशीलता हीच ताकद' असं काहीतरी. शिष्य हसत बाहेर आला.

"काका, या ना. टेक इट इझी. शब्द तुमचेच आहेत ना? मी एक तरी घातला का?"

"काढलेस."

"एडिटिंग म्हणजे काढणंच असतं, काका."

"पूर्ण दाखव मला."

"जुन्या फाइल्स उडाल्या हो. तुम्हाला खूप राग आलाय, मला जाणवतंय."

"तुला जाणवत नाही रे. तुला पाठ आहे."

समोर पाण्याचा ग्लास होता. मी उचलला आणि पाणी प्यायलो. पूर्वी वेगळं केलं असतं. त्यामुळे तो निर्धास्त झाला असावा, कारण आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांगू? सरांचं चुकलं नव्हतं. ते साहेब जिन्यात बसून रडत होते, मीच पाणी नेऊन दिलं. पण हे मी कंपनीला कसं सांगणार? साहेबांची इज्जत, आमचं काम... समजून घ्या ना. तुम्ही तर धंदेवाले."

हो, मी धंदेवाला. बुरशी लागलेलं पोतं चांगल्याच्या खाली लपवणारा मी ओळखतो.

तिथून थेट सरांकडे गेलो आणि जिन्यातलं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मला बरं वाटावं म्हणून तुम्ही किती करता." त्यांना माझं खरं वाटत नाही. माझी साक्ष त्यांच्यासमोर एकदा होऊन गेली आहे, तिचं वजन संपलं.

म्हणून आता इथे, लिहून, सरांच्या शिष्या, तुलाच विचारतो. अकादमीच्या जाहिरातीसाठी तू आमच्या व्यापारी मंडळाच्या सभेत आला होतास, तिथे मी उभा राहून हे सगळं बोललो, तेव्हा तू मागच्या रांगेत मान हलवत हसलास आणि लोक म्हणाले, मिरचीवाला पुन्हा भडकला. लेखी कुणी भडकत नाही. तू सरांकडे जा. जिन्यात त्या साहेबाला तू काय अवस्थेत पाहिलंस, ते तुझ्या तोंडाने सांग. माझं बोलणं कुठे कापलंस, ते सांग. मंडळासमोर माफी नको, माझी तर नकोच. यात मी एक पाऊल मागे येणार नाही आणि तुलाही येऊ देणार नाही. तुझ्याकडे असलेलं एक खरं सरांना सांगितलं नाहीस, म्हणून एक माणूस स्वतःवरचा विश्वास घालवून घरी बसला आहे. कधी जातोस ते सांग. उत्तर दे.